भय, कायदा आणि आपण स्त्रिया



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, सणवारांची माहिती आणि सहलीचे वर्णन असते. यंदा कोणीतरी इतिहासावर लिहावे असे कार्यवाह बाईंनी सुचविले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ते तेवढ्यावरच का थांबले याचाही या इतिहासाशी संबंध आहे. तो पुढे सांगते.

दुपारच्या वेळी आपल्या गल्लीत सुया, पोत, बिबे विकणाऱ्या बाया येतात. त्या दिसल्या की "फाटक लाव ग, पोरांना आत घे," असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. ही रीत कोठून आली याचा शोध घेऊ लागले, तर वाट जुन्या सरकारी दप्तरापर्यंत जाते.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा हिशेब होता. प्रथम हा कायदा उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ साली साऱ्या ब्रिटिश मुलखाला लागू झाला. आपले सिल्लोड तेव्हा निजामाच्या राज्यात होते; तेथेही याच धर्तीचा कायदा होता. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी जमातींची नावे दप्तरात चढली. आगगाडी आली तसा बैलांच्या तांड्यावर मीठ व धान्य वाहणाऱ्या लमाणांचा धंदा बुडाला. जंगलाचे कायदे आले तशी पारध्यांची शिकार गेली. पोटाचे साधन गेले आणि वर हा शिक्का बसला.

नाव नोंदलेल्या माणसाने बोटांचे ठसे द्यावयाचे, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, मुक्काम हलवावयाचा तर परवाना घ्यावयाचा. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. लोक तिला सेटलमेंट म्हणत. तेथली माणसे गिरणीत कामाला जात. १९२४ च्या कायद्याने तर सहा वर्षांवरील मुले आईबापांपासून वेगळी काढून सरकारी शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या लेकराने काही चोरले आहे काय, हे विचारण्याची गरज नव्हती. जन्म तेवढा पुरे होता. घरचा पुरुष हजेरीत अडकला की संसार बाईच्या अंगावर पडे. तिने बाजारात बसावे तर संशय, दारोदार फिरावे तर संशय!

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. म्हणूनच या लोकांना विमुक्त म्हणतात. आपल्या राज्याच्या यादीत अशा चौदा जमाती आहेत. परंतु कागदावरचा शिक्का पुसला तरी मनावरचा पुसत नाही. सराईत गुन्हेगारांसाठी नवे कायदे आले, त्यांतही संशयाचे बोट याच लोकांकडे राहिले. तुरुंगाच्या नियमांतही हा भेद उरला होता. सुकन्या शांता या पत्रकार भगिनीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कोठे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरविले.

आता माझ्या शाळेविषयी. आमच्या माहेरच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी तीन कोस चालून जावे लागे. वाटेत ओढ्याकाठी पारध्यांची पाले पडत. "तेथून पोरीची जात जाऊ नये," असे वडीलधाऱ्यांनी ठरविले आणि माझे दप्तर फडताळात गेले. माझे भाऊ त्याच वाटेने मॅट्रिक झाले. त्या वाटेवर कोणा मुलीला इजा झाल्याचे मी आजवर ऐकले नाही. पालावरही माझ्या वयाची एक मुलगी दिसे. पोलिसाच्या धाकाने पाल कधी उठेल याचा नेम नसे. तिने शाळेत नाव तरी कोठे घालावे? एकाच भयाने दोन मुली घरी बसविल्या. तिचे तर घरही राहिले नाही.

भय वाढले की काय होते हे धुळे जिल्ह्याने पाहिले. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागावयास आलेल्या पाच जणांना जमावाने ठार केले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, एवढी अफवा मोबाइलवर फिरली होती. पाच घरांतील माणसे परत गेली नाहीत.

चोऱ्या होत नाहीत, कुलूप लावू नका, असे मी म्हणत नाही. परंतु सरकारी गुन्ह्यांच्या नोंदी दरवर्षी सांगतात की, बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीतला असतो. आपण पालाकडे पाहत राहतो आणि धोका कित्येकदा उंबऱ्याच्या आतच असतो. वाटेवरच्या माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७१ सालीच झाला. पण सासरी होणाऱ्या छळाला स्वतंत्र गुन्हा म्हणण्यास १९८३ साल उजाडावे लागले. मधली ११२ वर्षे बायकांनी तोंड दाबून काढली.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. मोबाइलवर मुले पळविल्याची बातमी आली, तर ती पुढे पाठविण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारावे; ११२ हा क्रमांक सर्वांनी पाठ करावा. आणि कोणाची मुलगी वाटेच्या भीतीने शाळेतून काढली जात असेल, तर मंडळाच्या चार जणींनी त्या घरी जावे. वाट खरोखरच वाईट असेल तर दिव्यासाठी आणि एसटीच्या थांब्यासाठी अर्ज करावा. त्या अर्जावर पहिली सही मी करीन.