सांध्याचा न्यायनिवाडा

आमच्या इंदुरास समुद्र नाही. तथापि या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पूर्वज गोवे-कारवारच्या किनाऱ्यावरचे; गलबत म्हणजे काय, हे त्यांना सांगावयास नको. गलबताचे बळ फळीत जेवढे, तेवढेच दोन फळ्यांमधील सांध्यात असते. २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे याचे उत्तम उदाहरण होय. अजिंठ्याच्या एका चित्रावरून गोव्यात बांधलेल्या या जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या असून शिवणीत राळ भरली आहे. लाटेचा धक्का बसला की असा सांधा किंचित लवतो, पण तुटत नाही.

लोखंडी जहाजे आली आणि दोरीची जागा रिव्हेटने घेतली. पत्र्यावर पत्र्याची कड चढवावयाची, भोके पाडावयाची, तापवून लाल केलेली रिव्हेट घालून तिचे टोक ठोकून बसवावयाचे; यात वेळ फार जाई आणि वजनही वाढे. १९२० साली इंग्लंडात ‘फुलागार’ हे संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले जहाज पाण्यात उतरले. व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या नव्या मोठ्या युद्धनौकांना १०,००० टनांची मर्यादा घातली होती, म्हणून पुढे वजन वाचविण्यासाठी ‘डॉइचलँड’च्या बांधणीत वेल्डिंगचा मोठा उपयोग करण्यात आला. तरीही नौका मर्यादेबाहेर गेलीच! कायद्याचे कलम आणि त्यातून काढलेली पळवाट, दोहोंची ओळख आम्हां वकिलांस नवी नाही.

जमिनीवरील पुरावा ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे. ज्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली त्या शहरास मिळाले, त्या आमच्या होळकरांच्याच. तेथे ‘व्हॅलेंटाइन’ हा रिव्हेटने जोडलेला रणगाडा आहे, आणि वेल्डिंगने जोडलेला ‘सेंच्युरियन’ही आहे. रिव्हेटच्या रणगाड्यावर तोफगोळा आदळला की चिलखत न भेदताही रिव्हेटची टोके तुटून आत गोळीसारखी सुटत आणि आतील सैनिकांचाच जीव घेत. वेल्डिंगने हा धोका टळला.

मग वेल्डिंग सर्वस्वी निर्दोष समजावयाचे काय? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ जातीची २,७१० मालवाहू जहाजे बांधली. वेल्डिंगवाचून इतकी त्वरा साधली नसती. परंतु त्यांपैकी कित्येकांना तडे गेले. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री पोर्टलंडच्या धक्क्यावर, शांत पाण्यात उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन दुभंगले. वादळ नव्हते, शत्रूही नव्हता. साहजिकच पहिला आरोप वेल्डिंगवर आला, आणि काही जोडकाम खरोखरच सदोष होते.

केंब्रिजच्या विदुषी कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र या प्रकरणाची अधिक खोल उलटतपासणी केली. त्यांना आढळले, की त्या वेळचे पोलाद थंडीत ठिसूळ होत असे. डेकवरील मालाच्या तोंडाच्या काटकोनी कोपऱ्यांवर ताण एकवटे, आणि तेथून तडा सुरू होई. रिव्हेटच्या जहाजात असा तडा बहुधा एका पत्र्याच्या कडेशी थांबे. वेल्डिंगने सारे जहाज एकसंध झाल्यामुळे तो विनाअडथळा पुढे धावे. म्हणजे मूळ अपराध पोलादाचा आणि आराखड्याचा. वेल्डिंगने त्यास वाट करून दिली. उपाय म्हणून कोपरे गोल केले गेले, आणि तडा अडविण्यासाठी कित्येक जहाजांवर पट्ट्या बसविण्यात आल्या, त्या रिव्हेटने! ज्या साक्षीदारास न्यायालयाबाहेर घालविले होते, त्यासच पुन्हा बोलवावे लागले.

हा धडा आपल्याकडेही उपयोगी पडला आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात आली. २०२२ साली दाखल झालेल्या, कोचीत बांधलेल्या ‘विक्रांत’साठी तर थंडीतही चिवट राहणारे पोलाद आपल्याच देशात तयार करण्यात आले. आज महत्त्वाचे सांधे क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी तपासले जातात. धक्क्यावर उभ्या राहून आरमाराकडे पाहणाऱ्यास सांधा दिसत नाही. पण आतील खलाशांचे प्राण त्यावरच अवलंबून असतात, म्हणून ही तपासणी एका दिवसापुरतीही सैल पडता कामा नये, असे आम्हांस वाटते.