साबणाची जाहिरात आणि ६.७१ : फिलाडेल्फियाच्या संतप्त प्रेक्षकांचा इतिहास

१/
लाइफबॉय साबण मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. याच साबणाची एक अवाढव्य जाहिरात एकेकाळी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, बेसबॉलच्या मैदानाच्या उजव्या भिंतीवर झळकत असे. मजकूर अगदी साधा होता : फिलीज संघ लाइफबॉय वापरतो. असे सांगतात की, एका रात्री कोणी वैतागलेला प्रेक्षक मैदानात शिरला आणि त्याने खाली आणखी एक ओळ रंगवली : तरीही त्यांची दुर्गंधी जात नाही.

२/
‘दुर्गंधी येणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘अत्यंत वाईट खेळणे’ या अर्थानेही वापरले जाते. सारी मौज त्या श्लेषात आहे. ही कथा कितपत अक्षरशः खरी, हा प्रश्न बाजूला ठेवू. शहराने ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, कारण तिच्यातला संताप खरा होता. त्या संतापाचे प्रमुख लक्ष्य होते संघाचे पिचर. आजचा धागा त्यांच्याविषयी आणि १९३० च्या हंगामाविषयी.

३/
ज्यांना बेसबॉल परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिकेटमध्ये षटक संपले की गोलंदाज बदलतो. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर प्रतिस्पर्ध्यांच्या प्रत्येक फलंदाजाला सलग चेंडू टाकत राहतो. त्याला एकदा बाहेर काढले की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. त्यामुळे तो कोसळला तर बहुधा सामनाच कोसळतो, आणि तेही मैदानाच्या मध्यभागी, एका उंचवट्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत.

४/
पिचरचे मोजमाप एका आकड्याने होते : दर ९ डावांमागे त्याच्या खात्यावर किती धावा पडल्या. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत. आकडा जितका लहान, तितका पिचर चांगला. १९३० मध्ये नॅशनल लीगची एकूण सरासरी ४.९७ होती आणि ती त्या लीगच्या मानानेही फार मोठी होती. फिलीजच्या पिचरांची सरासरी होती ६.७१. १९०० नंतरच्या प्रमुख लीगच्या इतिहासात इतका वाईट आकडा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर नाही.

५/
फिलीजने त्या हंगामात १,१९९ धावा दिल्या, म्हणजे सामन्यामागे साडेसातहून अधिक. ५२ विजय, १०२ पराभव आणि आठ संघांत आठवा क्रमांक. विजेत्या सेंट लुईस कार्डिनल्सपेक्षा हा संघ ४० सामन्यांनी मागे राहिला.

६/
तरीही हा संघ दुबळ्या फलंदाजांचा नव्हता, आणि प्रेक्षकांची खरी वेदना इथेच होती. संघाची फलंदाजीची सरासरी .३१५ होती. आजच्या काळात ज्या आकड्यावर एखादा खेळाडू तारा ठरतो, तो इथे संपूर्ण संघाचा आकडा होता. चक क्लाइनने .३८६ च्या सरासरीने ४० होमरन मारले आणि १७० धावा घडवून आणल्या. लेफ्टी ओ’डूलची सरासरी .३८३ होती. संघाने ९४४ धावा केल्या आणि तो शेवटचा आला.

७/
जुलै महिन्यातील दोन दिवस पाहा. २३ जुलैच्या दुसऱ्या सामन्यात फिलीजने पिट्सबर्गविरुद्ध १५ धावा केल्या आणि १६-१५ असा पराभव पत्करला. दुसऱ्या दिवशी शिकागो कब्जविरुद्ध पुन्हा १५ धावा केल्या आणि १९-१५ असा पराभव पत्करला. लागोपाठ दोन सामन्यांत ३० धावा आणि पदरात एकही विजय नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाने यावर काय म्हणावे?

८/
म्हणायला नावे तयार होतीच. लेस स्वीटलँड : ७ विजय, १५ पराभव, सरासरी ७.७१. क्लॉड विलोबी : ४ विजय, १७ पराभव, सरासरी ७.५९. बेसबॉलच्या इतिहासात ही दोन नावे आज बहुधा विनोदाच्या ओघातच येतात. फिल कॉलिन्स हा एकमेव अपवाद. त्याने याच संघाकडून १६ सामने जिंकले.

९/
जखमेवर मीठ म्हणजे शेजार. त्याच लीहाय अॅव्हेन्यूवर, काही चौक पलीकडे, शहराचा दुसरा संघ खेळत असे : अमेरिकन लीगमधील अॅथलेटिक्स. त्यांच्याकडे लेफ्टी ग्रोव्ह होता. १९३० मध्ये त्याचे २८ विजय आणि ५ पराभव, सरासरी २.५४. अॅथलेटिक्सने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे वर्ल्ड सीरिज जिंकली. एकाच रस्त्यावर एकीकडे जगज्जेते आणि दुसरीकडे इतिहासातील सर्वांत वाईट पिचिंग.

१०/
आता मूळ प्रश्न. हे पिचर खरोखर इतके नालायक होते का? सर्वप्रथम मैदान पाहू. फिलीजचे बेकर बोल हे शहरी चौकात कोंबलेले मैदान होते. होम प्लेटपासून उजव्या बाजूची भिंत अवघ्या २८० फुटांवर होती. क्रिकेटच्या सीमारेषेच्या तुलनेत हे अंतर लहान वाटणार नाही, पण बेसबॉलसाठी ते फारच कमी. १९५८ नंतर नव्या मैदानांसाठी किमान ३२५ फुटांचा नियम झाला, यावरून कल्पना यावी. त्या भिंतीवर पत्रा ठोकलेला होता आणि वर जाळी चढवून तिची उंची सुमारे ६० फुटांवर नेलेली होती. इतर मैदानांत सहज झेलले जाणारे चेंडू इथे पत्र्यावर आदळत.

११/
या पत्र्याची एक कथा प्रसिद्ध आहे. १९३४ मध्ये ब्रुकलिनचा पिचर वॉल्टर बेक इथे चोपला गेला. व्यवस्थापक केसी स्टेंगल त्याला बाहेर काढायला आला, तेव्हा संतापलेल्या बेकने हातातला चेंडू उजव्या भिंतीकडे भिरकावला. उजव्या क्षेत्रात हॅक विल्सन विसावा घेत उभा होता. पत्र्याचा आवाज ऐकताच खेळ सुरू झाला असे समजून तो धावला आणि चेंडू उचलून त्याने तो थेट दुसऱ्या बेसकडे फेकला. बेकला ‘बूम-बूम’ हे नाव कायमचे चिकटले. पाहुण्या पिचरांचीही इथे हीच गत होती, हा या विनोदातला गंभीर भाग.

१२/
परंतु केवळ मैदानाला दोष देऊन भागत नाही. याच मैदानात ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर नावाचा पिचर फिलीजकडून खेळून गेला होता. १९१५ मध्ये ३१ विजय, सरासरी १.२२, आणि संघाला लीगचे पहिले विजेतेपद. १९१६ मध्ये त्याने १६ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. त्यांपैकी ९ सामने याच लहानशा मैदानावर झाले होते.

१३/
मग मधल्या काळात काय बदलले? एक म्हणजे चेंडू. अलेक्झांडरच्या काळात एकच मळका, मऊ झालेला चेंडू बराच वेळ वापरला जाई. १९२० मध्ये रे चॅपमन हा फलंदाज डोक्याला चेंडू लागून मरण पावला. त्यानंतर मळलेले चेंडू तत्परतेने बदलले जाऊ लागले. चेंडूला थुंकी लावून टाकण्यावरही त्याच वर्षी बंदी आली. बेब रूथच्या होमरनांनी प्रेक्षक खेचले आणि सारा खेळच फलंदाजांकडे झुकला. १९३० हे त्याचे टोक होते. त्या वर्षी संपूर्ण नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरी .३०३ होती.

१४/
लीगलाही हे अती वाटले. १९३१ साठी चेंडूचे आवरण जाड करण्यात आले आणि शिवण उंच करण्यात आली, म्हणजे पिचरच्या बोटांना पकड मिळावी. लीगची सरासरी एका वर्षात .२७७ वर आली. फिलीजच्या पिचरांचा आकडाही ६.७१ वरून साडेचारच्या आसपास उतरला. संघातली काही माणसे बदलली होती हे खरे, परंतु एवढी मोठी घसरण केवळ माणसे बदलून होत नाही.

१५/
मात्र तोच चेंडू १९३० मध्ये इतर सात संघांच्याही वाट्याला आला होता. ४.९७ आणि ६.७१ यांतील फरक चेंडूने स्पष्ट होत नाही आणि मैदानानेही पुरता होत नाही. क्षेत्ररक्षणातही हा संघ तळाशी होता, हे एक कारण. परंतु सर्वांत मोठे कारण मैदानावर दिसतच नव्हते. ते मालकाच्या हिशेबाच्या वहीत होते.

१६/
मालक विल्यम बेकर हे न्यूयॉर्कचे माजी पोलीस आयुक्त. मैदानाला त्यांचेच नाव मिळाले होते. डिसेंबर १९१७ मध्ये त्यांनी अलेक्झांडरला शिकागो कब्जला विकून टाकले. त्या वर्षी अलेक्झांडरने ३० सामने जिंकले होते, तेही सलग तिसऱ्या वर्षी ३० किंवा त्याहून अधिक. पहिले महायुद्ध चालू होते, तो सैन्यात भरती होणार हे दिसत होते, आणि मालकाला सुमारे ५५ हजार डॉलर हाती आलेले बरे वाटले.

१७/
१९२१ मध्ये एपा रिक्सी सिनसिनाटीला दिला गेला. दुसऱ्याच वर्षी त्याने तिथे २५ सामने जिंकले आणि कारकीर्दीअखेर त्याचे २६६ विजय झाले. अलेक्झांडर आणि रिक्सी हे दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ज्या उंचवट्यावर १९३० मध्ये स्वीटलँड आणि विलोबी उभे होते, त्यावरून आधी कोणाला उतरवले गेले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय ६.७१ चा अर्थ लागत नाही.

१८/
या कहाणीतला सर्वांत करुण भाग १९३० चाच आहे. त्या वर्षी अलेक्झांडर फिलीजकडे परत आला. वय ४३. मधल्या काळात तो फ्रान्समध्ये तोफखान्यात लढून आला होता, कानांनी अधू झाला होता, अपस्माराने आणि दारूने पोखरला गेला होता. १९२६ ची वर्ल्ड सीरिज त्याने सेंट लुईसला जिंकून दिली होती, पण आता हातात काही उरले नव्हते. ० विजय, ३ पराभव, सरासरी ९.१४. काही आठवड्यांत त्याला मुक्त करण्यात आले. तेरा वर्षांपूर्वी रोख घेऊन विकलेला माणूस संघाकडे परत आला तो असा.

१९/
मालक केवळ लोभी होते, असे म्हणून विषय संपवता येईल का? फिलाडेल्फियात १९३४ पर्यंत रविवारी व्यावसायिक सामने भरवण्यास कायद्याने बंदी होती. कामगारांच्या शहरात सुटीचा दिवसच उत्पन्नाविना जाई. मैदान लहान आणि मोडकळीस आलेले. १९०३ मध्ये त्याची लाकडी बाल्कनी कोसळून १२ माणसे मरण पावली होती. मंदीचा फटका तर जगज्जेत्या अॅथलेटिक्सलाही बसला. १९३३ च्या अखेरीस त्यांनीही ग्रोव्हला विकले.

२०/
प्रेक्षकांकडे एकच शस्त्र होते : न येणे. त्यांनी ते वापरले. १९३० मध्ये फिलीजचे घरचे सामने पाहायला हंगामभरात सुमारे ३ लाख माणसे आली. अॅथलेटिक्सकडे ७ लाखांहून अधिक. परंतु या शस्त्राची धार उलटीही होती. तिकिटे खपेनात म्हणून चांगला पिचर विकला जाई, चांगला पिचर गेला म्हणून संघ हरे, आणि संघ हरला म्हणून तिकिटे खपत नसत.

२१/
बेकर डिसेंबर १९३० मध्ये वारले, पण हे चक्र थांबले नाही. बकी वॉल्टर्स हा मुळात तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. त्याला पिचर बनवले फिलीजनेच, आणि जून १९३८ मध्ये सिनसिनाटीला विकलेही फिलीजनेच. १९३९ मध्ये त्याने २७ सामने जिंकले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९३९ मध्ये क्लॉड पासो गेला. १९४० च्या अखेरीस कर्बी हिग्बी ब्रुकलिनला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने २२ सामने जिंकले. त्याच वर्षी फिलीज १११ सामने हरले. १९३८ ते १९४२ ही सलग पाच वर्षे संघ शेवटचा होता आणि दरवर्षी शंभराहून अधिक पराभव होते.

२२/
जून १९३८ मध्ये फिलीजने बेकर बोल सोडले आणि ते अॅथलेटिक्सच्या मैदानात भाडेकरू झाले. मैदान बदलले तरी पराभव थांबले नाहीत. बदल झाला तो मालकी बदलल्यावर. १९४३ च्या अखेरीस कार्पेंटर कुटुंबाने संघ घेतला आणि तरुण पिचरांवर पैसा लावला. कर्ट सिमन्स आला, रॉबिन रॉबर्ट्स आला, आणि मुख्य म्हणजे त्यांना लगेच विकले गेले नाही.

२३/
१ ऑक्टोबर १९५० हा हंगामाचा शेवटचा दिवस. सिमन्सला सप्टेंबरमध्येच लष्करी सेवेसाठी बोलावून घेतले होते. पाच दिवसांत तिसऱ्यांदा सामन्याची सुरुवात करणारा रॉबर्ट्स ब्रुकलिनविरुद्ध पूर्ण १० डाव टिकला. फिलीज ४-१ ने जिंकले आणि १९१५ नंतर प्रथमच लीगचे विजेते ठरले. रॉबर्ट्सचा तो हंगामातला विसावा विजय होता. त्याच्याआधी एका हंगामात २० सामने जिंकणारा फिलीजचा शेवटचा पिचर होता १९१७ मधला अलेक्झांडर. मध्ये तेहतीस वर्षे गेली.

२४/
भिंतीवरच्या त्या ओळीत प्रेक्षकांचे निदान अर्धे बरोबर होते. दुर्गंधी होतीच, पण तिचा उगम उंचवट्यावर घामाने निथळणाऱ्या माणसात नव्हता. प्रेक्षकाला पिचर दिसतो, विक्रीचा करार दिसत नाही. म्हणून शिव्या पिचरला मिळतात. आज जुन्या धावफलकांशेजारी त्या विक्रीच्या तारखाही ठेवता येतात. तसे केले की स्वीटलँड आणि विलोबी हे त्या पडझडीचे कारण कमी आणि परिणाम अधिक वाटू लागतात.

२५/
आपल्या संघाचा गोलंदाज पुढच्या वेळी मार खाईल, तेव्हा ओरडायला हरकत नाही. तो प्रेक्षकाचा हक्कच आहे. फक्त त्याच्या जागी आधी कोण होता आणि तो का गेला, एवढे एकदा पाहून घ्यावे. धागा इथे पूर्ण होतो. कोणत्याही खेळातले असे एखादे उदाहरण आपल्याला ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहावे.