ज्योतीला बेताचे घर

लोहाराच्या भात्याकडे आपण सर्वांनीच कधी ना कधी कुतूहलाने पाहिले असेल. भाता केवढा आणि त्याने फुलवायचा विस्तव केवढा, हे माप लोहाराच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु कोळशाची जागा वायूने घेतली, तेव्हा तेच माप शास्त्राला नव्याने शोधावे लागले.

हायडेलबर्ग येथे १८५५ साली बुन्सेनने आपल्या प्रयोगशाळेसाठी एक दिवा करवून घेतला. त्यात वायू पेटण्यापूर्वीच त्याच्यात हवा मिसळे. त्यामुळे काजळी न धरणारी प्रखर ज्योत हाती आली. पण उघड्यावरच्या ज्योतीची बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेत विरून जाते. तिच्याकडून मोठे काम घ्यायचे तर तिला घर हवे.

असे घर बांधले ते सीमेन्स बंधूंनी. फ्रीड्रिख सीमेन्सने १८५६ साली इंग्लंडात पेटंट घेतले. धुराड्याकडे निघालेले तप्त वायू त्याने जाळीसारख्या रचलेल्या विटांतून नेले आणि विटा तापल्या की प्रवाह उलटवून आत येणारी हवा त्यांवरच तापवून घेतली. पुढे १८६१ साली कोळशाचा वायू भट्टीबाहेर वेगळ्या कोठीत तयार करण्याची सोय झाली आणि वायू व हवा यांचे प्रमाण झडपांच्या साहाय्याने राखता येऊ लागले.

बर्मिंगहॅमजवळील चान्स यांच्या काचकारखान्यात ही भट्टी पाहून मायकेल फॅरडे प्रभावित झाले. २० जून १८६२ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी शुक्रवारचे आपले अखेरचे व्याख्यान दिले, ते याच भट्टीवर. वय सत्तर, स्मृती क्षीण झालेली. त्यातच बोलता बोलता टिपणे जळून गेली. विजेचे नियम सांगणाऱ्या या महापुरुषाने निरोपासाठी विषय निवडला तो भट्टीचा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे याच कुळातल्या भट्ट्यांत जगभर पोलाद होऊ लागले. १९१२ साली जमशेदपूरला निघालेले पोलादही त्यांतलेच.

हा इतिहास आज घरच्या घरी वायूची लहान भट्टी करणाऱ्या हौशी कारागिरालाही उपयोगी आहे. पुष्कळांची समजूत अशी की, भट्टी जितकी ऐसपैस तितकी चांगली. वस्तुस्थिती उलट आहे. पोकळी फार मोठी झाली तर भिंती तापतच नाहीत आणि वायू व्यर्थ जळतो. ती फार लहान झाली तर ज्वाळा तोंडावाटे बाहेर पडतात किंवा कोंडून बर्नरकडे उलटतात. कारागिरांचा सर्वसाधारण हिशेब असा की, पाऊण इंची एका बर्नरला सुमारे ३५० घनइंच पोकळी पुरे. सहा इंच व्यासाची व बारा इंच लांबीची पोकळी सुमारे ३४० घनइंच भरते. मात्र मोजायची ती अस्तराच्या आतली जागा. दहा इंची नळकांड्याला आतून दोन इंचांचे अस्तर दिले की व्यास सहाच इंच उरतो. जो बाहेरचे नळकांडे मोजतो, तो सुमारे ९४० घनइंचांचा हिशेब धरून एकाऐवजी तीन बर्नर लावून बसतो!

आणखी एक इशारा. हवा अपुरी पडली की अशा भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून बंद खोलीत ती कधीही पेटवू नये.

अग्नी हा मापात राहिला तर सेवक, माप सुटले तर वैरी. जे लोहाराच्या हाताला ठाऊक होते, तेच सीमेन्सने झडपांनी साधले.