अंबरनाथचे शिवमंदिर : आख्यायिका, उपासना आणि जीर्णोद्धार

आपल्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने आणि दानशूर भाविकांच्या साहाय्याने पुरा होत आहे, ही आपणां सर्वांस आनंदाची गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी आपल्याच मुलुखातील एका अतिप्राचीन देवस्थानाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले. ते देवस्थान म्हणजे वालधुनी नदीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर. आपणांपैकी बहुतेकांनी महाशिवरात्रीला तेथे जाऊन बेल वाहिला असेल. परंतु त्या देवळाने सांगितलेली गोष्ट आपण पुरती ऐकली आहे काय?

वालधुनी ही काही मोठी नदी नव्हे. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरांत ती उगम पावते आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण असा प्रवास करीत उल्हास नदीच्या खाडीस मिळते. अशा या लहानशा नदीच्या काठी एवढे भव्य देऊळ कोणी बांधले असेल, हा प्रश्न पूर्वजांनाही पडला असला पाहिजे. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पांडव वनवासात असताना येथे आले. महादेवाचे देऊळ एका रात्रीत उभारावयाचे, असा त्यांनी संकल्प केला. दगडावर दगड चढत गेले. पण शिखर पुरे होण्याआधीच उजाडले आणि काम तसेच टाकून पांडव निघून गेले. म्हणून गाभाऱ्यावर छप्पर नाही आणि देव उघड्या आकाशाखाली बसला आहे. पांडव ज्या वाटेने गेले, त्या भुयाराचीही कथा सांगतात.

ही कथा भाबडी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. देवळाचे शिखर आज वर पूर्ण नाही आणि गाभाऱ्यात उभे राहून मान वर केली की आभाळ दिसते, हे तर डोळ्यांना दिसणारे सत्यच आहे. पूर्वजांनी ते नीट पाहिले आणि त्याचे कारण आपल्या परीने सांगितले.

परंतु देवळाने स्वतःची हकीकत दगडावर लिहून ठेवलेली आहे. उत्तरेकडील दाराच्या वरच्या तुळईवर, आतल्या बाजूस, एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ दिला असून शिलाहार राजा माम्वाणी ऊर्फ मुम्मुणी याचे नाव आहे. शिलाहार हे उत्तर कोकणचे राजे. त्यांची राजधानी स्थानक, म्हणजे आपले ठाणे. लेखात राज्यातील अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि छित्तराज देवाच्या मंदिराचे काम सिद्धीस गेल्याचे सांगितले आहे. छित्तराज हा मुम्मुणीचा थोरला भाऊ. त्याचा शके ९४८, म्हणजे १०२६ सालचा ताम्रपट भांडुप येथे सापडलेला आहे. यावरून, थोरल्या भावाने आरंभिलेले काम धाकट्याने पुरे केले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे देऊळ एका रात्रीत झाले नाही. एका राजाचे आयुष्य त्यास पुरले नाही आणि दुसऱ्याने हात लावला तेव्हा ते उभे राहिले.

या लेखाचे वाचनही सोपे नव्हते. अक्षरे झिजलेली असल्याने प्रारंभी त्यातील साल शके ७८२ असे वाचले गेले आणि देऊळ दोनशे वर्षांनी अधिक जुने ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखविले. एका अक्षराने इतिहास दोनशे वर्षे पुढेमागे होतो! तेथे आणखी काही अक्षरे बुजली असती, तर मुम्मुणीचे नावही आपणांस कळले नसते.

पुष्कळ लोक या देवळास हेमाडपंती म्हणतात. तेही तितकेसे बरोबर नाही. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री; तो तेराव्या शतकातला, म्हणजे हे देऊळ त्याच्या आधी सुमारे दोनशे वर्षे उभे होते. काळ्या पाषाणातील या देवळाच्या शिखराची घडण ‘भूमिज’ नावाच्या पद्धतीची आहे. लहान लहान शिखरांच्या रांगा एकीवर एक रचीत नेऊन मोठे शिखर साधावयाचे, ही ती पद्धत. सिन्नरचे गोंदेश्वर त्याच पद्धतीचे आहे. अंबरनाथच्या बाहेरील भिंतींवर महिषासुरमर्दिनी, नृत्यमग्न शिव अशा देवतांच्या मूर्ती आहेत. १८६८ साली मुंबई सरकारने या शिल्पांची रेखाटने, छायाचित्रे आणि साचे करविले. आज हे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

तथापि अंबरनाथ ही नुसती पाहण्याची वस्तू झालेली नाही, हे त्याचे मोठेच भाग्य होय. सभामंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे लागते. तेथील पिंड भाविक स्वयंभू मानतात. परंपरागत पुजारी नित्य पूजा करतात, श्रावणी सोमवारी दर्शनास गर्दी होते आणि महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. मध्यरात्रीपासून रांगा लागतात. मीठमिठाईची, खेळण्यांची दुकाने सजतात. शिलाहारांचे राज्य १२६५ च्या सुमारास लयास गेले. त्यानंतर कितीक सत्ता आल्या आणि गेल्या. पिंडीवर पाणी मात्र पडतच आहे. राजाने बांधलेले देऊळ गावाने राखले, असेच म्हटले पाहिजे.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण ठाण्याच्या कौपिनेश्वराचे. मासुंदा तलावाकाठच्या या देवळाचे काम १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी करविले. पुढे १८७९ साली ठाणेकर हिंदू रहिवाशांनी वर्गणी काढून त्याची दुरुस्ती केली. पहिल्या वेळी सुभेदार होता, दुसऱ्या वेळी वर्गणीदार होते. आज आपल्या देवळास ज्यांनी पाच रुपये दिले आणि ज्यांनी पाच हजार दिले, ते सर्व त्याच वर्गणीदारांचे वारस आहेत.

म्हणून जीर्णोद्धाराच्या उत्साहात दोनतीन गोष्टींचे भान ठेवावे, ही नम्र विनंती. फरशी गुळगुळीत व्हावी म्हणून जुना कोरीव दगड फोडू नये. भंगलेली मूर्ती किंवा वीरगळ बांधावर टाकून देऊ नये. आवारातच एका बाजूस नीट मांडावी. अक्षरे असलेल्या दगडावर तैलरंग चढवू नये. आपल्याला न वाचता येणारी ओळ उद्या कोणी जाणकार वाचील. कामाचे साल, कारागीर आणि देणगीदार यांची नावे दगडावर किंवा वहीत लिहून ठेवावीत. मुम्मुणीच्या काळच्या लोकांनी तेवढी एक तसदी घेतली, म्हणून आज साडेनऊशे वर्षांनंतरही आपणांस त्यांची ओळख आहे.

आणि शेवटी नदी. नदीत हातपाय धुऊन मग देवदर्शन घ्यावयाचे, ही नदीकाठच्या देवळांची जुनी रीत. कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी आणि शहरांची गटारे पोटात घेऊन वालधुनी आज काळी झाली आहे. तिचे पाणी ओंजळीत घेण्याजोगे राहिले नाही. देवळाचा कळस उजळला आणि काठची नदी मरून गेली, तर तो जीर्णोद्धार अर्धाच म्हणावा लागेल. निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या नदीत न टाकण्यापासून तरी आपण आरंभ करू या.

पांडवांनी एका रात्रीत जे अपुरे टाकले, ते पुरे करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे, असे मानू या. आपल्या वाट्याचा दगड आपण बसविला. पुढचा आपली मुले बसवतील. श्रीशंकर सर्वांस सद्‌बुद्धी देवो.

॥ हर हर महादेव ॥