14 डॉलरचा रंग

1970 साली अमेरिकेत डॉज चॅलेंजर घ्यायला गेलेल्या तरुणापुढे डीलर एक छापील फॉर्म ठेवायचा. गाडीची मूळ किंमत 2,850 डॉलरच्या घरात. 426 घनइंचांचं हेमी इंजिन हवं असेल तर त्यावर काही शे डॉलर आणखी. त्याच फॉर्मवर खाली कुठेतरी रंगाचा रकाना असे, आणि भडक रंगांपैकी एखादा निवडला तर साधारण 14 डॉलर जास्तीचे पडत. आज त्या जुन्या गाड्यांमागे हिंडणारी माणसं गाडीचं नाव कळल्यावर बहुधा लगेच विचारतात ते या रकान्याबद्दल: कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा रंग कोणता होता? आत्ता कोणता आहे हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम असतो.

या छंदाची मुळं समजून घ्यायची तर गाडीला रंग असणं ही गोष्ट कशी आली इथून सुरुवात करावी लागते. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. त्याआधी ती हिरवी, लाल, करडीही निघत होती, पण धडाक्याने गाड्या काढायच्या तर स्वस्त, टिकाऊ आणि कारखान्याच्या वेगाला साजेसा रंग हवा होता, आणि काळं इनॅमल त्या हिशेबात बसलं. उंची गाड्यांना रंग मिळत, पण त्यांच्यावर वॉर्निशचे थर चढवून वाळवण्यात आठवडे जात. ही कोंडी ड्यूपाँट कंपनीच्या ‘ड्युको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने फोडली. ते काही तासांत वाळे आणि त्यात हवी ती छटा मिसळता येई. जनरल मोटर्सने 1924 च्या ओकलंड गाडीवर ते निळ्या छटांत वापरलं आणि एकट्या काळ्या रंगाचे दिवस भरले. (आपल्याकडचे सुतार आणि गॅरेजवाले आजही ‘ड्युको मारून देतो’ म्हणतात, ते याच ड्युकोचं नाव.) तीनच वर्षांत, 1927 साली, जनरल मोटर्सने डिझायनर हार्ली अर्लच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ नावाचा स्वतंत्र विभाग उघडला. रंग हा विक्रीचा भाग झाला तो तेव्हापासून.

चॅलेंजरसारखी मसल कार त्यानंतर जवळपास चार दशकांनी आली. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठं व्ही-8 इंजिन बसवायचं, एवढीच त्यामागची कल्पना. 1964 ची पाँटियाक जीटीओ ही या घराण्याची थोरली, असं बहुतेक जण मानतात. सुरुवातीला या गाड्यांचे रंग चारचौघांतले होते. पण घेणारे विशी-पंचविशीतले, आणि 1968-69 ची अमेरिका अंगावरच्या कपड्यांपासून भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत भडक रंगांनी भरलेली. कंपन्यांनी ते बरोबर हेरलं. शेवरोलेने 1969 च्या कमॅरोसाठी ‘हगर ऑरेंज’ काढला. एएमसीसारख्या लहान कंपनीने त्याच वर्षी जॅव्हलिन आणि एएमएक्सवर ‘बिग बॅड’ नावाचे निळा, केशरी आणि हिरवा असे तीन रंग आणले, आणि बंपरसुद्धा त्याच रंगात रंगवले. फोर्डने 1970 मध्ये ‘ग्रॅबर’ रंगांची मालिका काढली.

सगळ्यांत धीट मात्र क्रायस्लर निघाली. या कंपनीचा मुंबईशी जुना संबंध आहे: वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात पहिल्यांदा ज्या गाड्या जोडल्या, त्यांत क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ होत्या. त्या गाड्या साध्यासुध्या, गरजेच्या. 1970 च्या डॉज-प्लिमथचा थाट वेगळा होता. क्रायस्लरने आपल्या भडक रंगांना ‘हाय इम्पॅक्ट’ असं गटाचं नाव दिलं आणि एकाच डब्यातल्या रंगाला दोन्ही घरांत दोन नावं ठेवली. जांभळा रंग डॉजवर असला की ‘प्लम क्रेझी’, प्लिमथवर असला की ‘इन-व्हायोलेट’. पोपटी रंग डॉजकडे ‘सब्लाइम’, प्लिमथकडे ‘लाइमलाइट’. पिवळा ‘टॉप बनाना’ आणि ‘लेमन ट्विस्ट’. 1970 च्या वसंतात आलेला गडद गुलाबी डॉजकडे ‘पँथर पिंक’ आणि प्लिमथकडे ‘मूलाँ रूज’. कारखान्याच्या कागदावर मात्र नावं नसत, फक्त संकेत: जांभळ्याचा एफसी7, गुलाबीचा एफएम3, लालसर केशरीचा ईव्ही2. शोधणारे आपापसांत बोलतात ते याच संकेतांत.

आता दुर्मीळपणाकडे येऊ. ‘मोजक्याच गाड्या’ म्हणून जाणूनबुजून काढलेले रंगही होते, पण ते थोडे. बाकीच्या रंगांना कारखान्याने दुर्मीळ केलं नाही, ते काम घेणाऱ्याच्या कचरण्याने केलं, असं माझं मत आहे. जांभळा बऱ्यापैकी खपला. गुलाबी फार थोड्यांनी मागितला. डीलर आपल्या आवारात उभ्या करायच्या गाड्या सहज खपणाऱ्या रंगांतच मागवत. त्यामुळे एफएम3 ची गाडी दिसली की मागे कुणीतरी बापाचं, शेजाऱ्यांचं, सेल्समनचं न ऐकता त्या रकान्यात तो संकेत लिहवून घेतला, एवढं नक्की समजायचं. शिवाय पुढे या गाड्या जुन्या, स्वस्त, तिसऱ्या-चौथ्या हातातल्या झाल्या तेव्हा नव्या मालकांना तो रंग डोळ्यांत खुपायला लागला. कितीतरी जांभळ्या आणि पोपटी गाड्या लाल किंवा काळ्या होऊन गेल्या. आधीच थोड्या, त्यांतल्या निम्म्याशिम्म्या लपलेल्या. शिकार सुरू होते ती इथे.

पहिली तपासणी बॉनेट उघडून होते. क्रायस्लरच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डच्या आतल्या अंगाला स्क्रूने बसवलेली एक लहानशी पत्र्याची पाटी असते. तिच्यावर ठोकलेली अक्षरं खालच्या ओळीपासून वर वाचत जायची. अगदी खाली डाव्या कोपऱ्यात इंजिन: ई74 असेल तर हेमी. शेजारी डी21 असेल तर चार गिअरची गाडी. त्यावरच्या ओळीच्या सुरुवातीलाच रंगाचा संकेत, मग आतल्या सीटकव्हरचा, आणि पुढे गाडी कधी बनायची होती ती तारीख. गाडी वरून चकचकीत लाल आणि पाटीवर एफसी7, असं दिसलं की पाहणाऱ्याचे हात थरथरतात. पण पाटी नवी ठोकून मिळते, म्हणून नुसत्या पाटीवर कुणी विसंबत नाही. मग डिकीतली चटई उचलायची, दाराचं रबरी बीडिंग सोडवायचं, दाराच्या आतला पुठ्ठा काढायचा, डॅशबोर्डखाली टॉर्च मारायचा. रस्त्याकडेच्या गॅरेजात पुन्हा रंगवलेली गाडी या सांदीकोपऱ्यांत सहसा रंगवलेली नसते. लाल रंगाच्या कडेला, लांबी आणि प्रायमरच्या खाली, नखाएवढा जांभळा तुकडा दिसला की पाटीचं म्हणणं खरं ठरतं.

याहून मोलाचा पुरावा म्हणजे कागद. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक मोठा छापील तक्ता फिरे. त्यावर रंगापासून आरशापर्यंत काय काय बसवायचं ते संकेतांत लिहिलेलं असे. काम झाल्यावर कामगार तो कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून देत, कधी गालिच्याखाली, कधी पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून जाई. पन्नास वर्षांनी उंदरांनी कुरतडलेला, तेलाने पिवळा पडलेला तो कागद सीटखालून निघतो. क्रायस्लरच्या या काळातल्या गाड्यांची गाडीगणिक नोंदवही कुणाकडे मागता येत नाही, त्यामुळे त्या एका चिटोऱ्यावर सगळं अवलंबून असतं.

फोर्डची गोष्ट सोपी आहे. 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या नोंदी शाबूत राहिल्या आणि केव्हिन मार्टी त्यांच्यावरून दाखला काढून देतात, त्याला सगळे ‘मार्टी रिपोर्ट’ म्हणतात. पाँटियाकच्या जुन्या गाड्यांचे कागद ‘पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’कडून मिळतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरोलेवाल्यांना अशी सोय नाही, त्यांना पाटी आणि घरोघरी जपलेल्या पावत्या. फोर्डच्या दारावरच्या पाटीवर रंगाची जागाच मोकळी असेल तर ती गाडी यादीबाहेरच्या, खास मागवलेल्या रंगाची. क्रायस्लरच्या पाटीवर अशा वेळी 999 असतं. नेहमीच्या संकेतापेक्षा ही रिकामी जागा किंवा हे तीन नऊ पाहून जाणत्या माणसाचं काळीज जास्त उडतं, कारण त्यामागचा रंग कोणता हे आता पाटी सांगू शकत नाही आणि सांदीकोपऱ्यातला तुकडाच सांगतो.

दुर्मीळ म्हणजे भडकच, हा समज मात्र सोडावा. 1970 ची ब्यूक जीएसएक्स फक्त दोन रंगांत निघाली: 491 पिवळ्या आणि 187 पांढऱ्या. तिथे दुर्मीळ आहे तो पांढरा. हेमी इंजिनाची गाडी घ्यायची आणि वर मातकट तपकिरी रंग मागायचा, असं करणारीही माणसं होती, आणि मला या गाड्या गुलाबी गाड्यांइतक्याच प्रिय आहेत. भडक रंगाला तेव्हाची हवा तरी पाठीशी होती. तपकिरी रंग ज्याने निवडला त्याने तो निव्वळ स्वतःसाठी निवडला.

हे सगळं फार थोडा काळ चाललं. विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, 1971 पासून इंजिनांची ताकद उतरू लागली, आणि 1973 च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं. रंगही त्यांच्याबरोबर निवले.

आता बाजार मोठा झाला आहे. प्लिमथच्या 1971 च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबल अवघ्या 11 बनल्या. त्यांतली एक निळी गाडी 2014 साली सिॲटलच्या लिलावात 35 लाख डॉलरना गेली. पैसा आला तशी लबाडीही आली. साधी गाडी आणून तिला गुलाबी रंग आणि खोटी पाटी लावणारे आहेत. खऱ्या गाडीचा मूळ रंग खरवडून काढून, त्याच संकेताचा नवा रंग चढवणारेही आहेत, आणि मला खरी खंत यांची वाटते. तेव्हाच्या भडक पिवळ्या-केशरी रंगांत शिशाची रंगद्रव्यं असत, जनरल मोटर्सच्या गाड्यांवर ॲक्रिलिक लॅकर असे. आजच्या नियमांत ते साहित्य सहजी वापरता येत नाही, म्हणून नवा रंग संकेताने तोच असला तरी उन्हात तसाच दिसत नाही. गाडी पूर्ण रंगवावीच लागत असेल तर डिकीच्या तळाला हातभर जागा न रंगवता सोडावी, एवढं मी भेटेल त्या मालकाला सांगतो. पुढच्याला मूळ रंग ताडून पाहायला एवढी जागा पुरते.