एका रोगनामाचा इतिहास

रोगाला नांव मिळालें कीं रोग कळला, असें रोग्याच्या घरच्या माणसांना वाटतें. आणि त्यांना तसें वाटूं देणें वैद्यालाहि सोयीचें असतें. परंतु वैद्यकाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे पुष्कळ नांवें ज्ञानाचीं निदर्शक नसून अज्ञानावर घातलेलीं पांघरुणें आहेत, असें दिसून येतें. आम्ही वैद्य नाहीं; इतिहासाचे अभ्यासक या नात्यानेंच मूत्रपिंडाच्या एका विकाराची हकीकत येथें सांगणार आहों. 'मेंब्रेनस ग्लोमेरुलोनेफ्रायटिस' असें त्याचें भारदस्त नांव. त्यांत रोग्याच्या पायांवर व डोळ्यांभोंवतीं सूज येते, लघवीला फेंस येतो, आणि रक्तांतील प्रथिनें लघवीवाटें वाहून जातात.

लघवीवरील बुडबुडे व मूत्रपिंडाचा रोग यांचा संबंध हिपॉक्रॅटिसच्या नांवावर असलेल्या सूत्रांतहि सांगितलेला आहे. नेपल्सचा वैद्य कोतून्यो यानें १७६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, एका सुजलेल्या सैनिकाची लघवी तापविली असतां ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें थिजली, असें नमूद केलें. पण दोष कोणत्या इंद्रियाचा, हें त्यावरून ठरलें नाहीं. तें काम लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलांतील रिचर्ड ब्राइट यानें १८२७ सालीं केलें. त्याचें साहित्य तें काय? एक चमचा आणि एक मेणबत्ती! चमच्यांतील लघवी ज्योतीवर धरून ती थिजते कीं नाहीं हें तो पाही, आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून त्याचीं मूत्रपिंडें तपाशी. सूज, थिजणारी लघवी व बिघडलेलीं मूत्रपिंडें ह्या एकाच साखळीच्या तीन कड्या होत, हें त्यानें सिद्ध केलें. शोध थोर, पण त्यांतून निघालेलें 'ब्राइटचा रोग' हें नांव फार ऐसपैस होतें. मूत्रपिंडाचे नाना विकार कितीएक दशकें त्या एकाच छपराखालीं नांदत राहिले.

प्रत्येक मूत्रपिंडांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे सुमारें दहा लक्ष गुच्छ असतात, आणि त्यांच्या भिंतींतील अतिसूक्ष्म पटलांतून रक्त गाळलें जातें. हें पटल जाड झालेलें दिसतें त्या प्रकाराला अमेरिकन शास्त्रज्ञ ई. टी. बेल यानें १९४६ सालीं वरील भारदस्त नांव लाविलें. १९५१ सालीं कोपनहेगनच्या इव्हर्सन व ब्रुन यांनीं जिवंत रोग्याच्या मूत्रपिंडाचा कण सुईनें काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि मरणाची वाट न पाहतां रोग पाहतां येऊं लागला. १९५७ सालीं डेव्हिड जोन्स यानें रुप्याच्या रंगप्रक्रियेच्या साह्यानें हा विकार त्याच्या भावंडांपासून स्पष्टपणें वेगळा केला. नांवांतील दाहदर्शक प्रत्यय मात्र अनाठायीं होता. कारण या विकारांत गुच्छांचा दाह बहुधा नसतोच. म्हणून आज 'मेंब्रेनस नेफ्रोपॅथी' हें नांव अधिक रूढ आहे.

पण पटल जाड कां होतें? शरीराचें रक्षण करणारीं प्रतिद्रव्यें तेथें साचतात, एवढें कळलें. तीं कोणावर चालून गेलीं होतीं, हें कळेना. कांहीं रोग्यांत सोबतीचा रोग सांपडे: उपदंश, 'बी' जातीची संसर्गजन्य कावीळ, ल्यूपस. कांहींना संधिवातासाठीं सोन्याचीं औषधें दिलेलीं असत. कांहींच्या पोटांत वा फुप्फुसांत कर्करोग दडलेला असे. हा संबंध १९६६ सालीं ठळकपणें पुढें आला. उरलेल्या बहुसंख्यांस 'इडिओपॅथिक', म्हणजे जवळजवळ स्वयंभू, अशी पदवी मिळे. आमच्याकडे देवस्थानें स्वयंभू असतात. परंतु रोगाला स्वयंभू म्हणणें हा अज्ञानाचा कबुलीजबाबच नव्हे काय?

हें स्वयंभूपण हळूहळू ओसरलें. १९५९ सालीं वॉल्टर हायमन यानें उंदरांत हुबेहूब असाच विकार निर्माण केला. २००२ सालीं पॅरिसच्या संशोधकांनीं एका नवजात बालकाच्या रोगाचें मूळ शोधलें: आईच्या शरीरांत एक प्रथिन जन्मतःच नव्हतें, म्हणून तिनें तें परकें मानून प्रतिद्रव्यें बनविलीं, आणि तीं गर्भाच्या मूत्रपिंडांवर चालून गेलीं. २००९ सालीं बेक व सॅलन्ट यांच्या गटानें प्रौढ रोग्यांतील लक्ष्य हुडकलें. 'फॉस्फोलायपेज ए-२ रिसेप्टर' या प्रथिनाविरुद्धचीं प्रतिद्रव्यें स्वयंभू म्हणविणाऱ्या सुमारें ७० टक्के रोग्यांत आढळलीं. पुढें आणखी लक्ष्यें सांपडलीं. त्यांतलें 'नेल-१' हें आपल्या देशाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे.

नैरोबींतील सूज आलेल्या पुष्कळ रोग्यांना पारा असलेलें गोरेपणाचें मलम लावण्याची संवय होती, हें १९७२ सालींच प्रसिद्ध झालें होतें. तो धडा आपण घेतला नाहीं. केरळांतील कोट्टक्कल येथें जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत या विकाराचे २२ रोगी नोंदले गेले; त्यांपैकीं १५ जण 'नेल-१' प्रकारचे, आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरेपणाचें मलम वापरीत होते! मलम बंद करतांच बहुतेकांचा विकार हटला. २०२२ सालीं दक्षिण भारतांतून प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत पारंपरिक औषधांतील पाऱ्याकडेहि असेंच बोट दाखविण्यांत आलें. रंग उजळावा म्हणून लग्नाच्या मुलीच्या हातीं मलमाची डबी देणाऱ्या आमच्या सुशिक्षित घरांनीं हे आंकडे एकवार मनाशीं घोळवावेत.

सुमारें एकतृतीयांश रोगी विशेष औषधांवांचून आपोआप सुधारतात; इतरांसाठीं प्रतिकारशक्तीला आवरणारीं प्रभावी औषधें आहेत. पण उपदंशाच्या रोग्याला पेनिसिलिन हवें, आणि पाऱ्याच्या रोग्यानें डबी फेंकून दिली तरी पुरे होतें. कारण न शोधतां दिलेलें भारी औषध हें ब्राइटच्या चमच्याहूनहि मागें जाणें होय. म्हणून डॉक्टरांनीं विचारावें आणि रोग्यानें सांगावें: कोणतें चूर्ण खाल्लें, कोणतें भस्म घेतलें, तोंडाला काय फांसलें. दोनशें वर्षांच्या संशोधनाला जें उत्तर दुर्मिळ झालें होतें, तें कधीं कधीं आरशाशेजारच्या फळीवरच असतें.