रुस्तुम काही परका नाही

परक्या पुराणकथांवरच्या कादंबऱ्या कुमारवयातल्या मुलांनी वाचाव्यात का, हा विषय निघाला की हल्ली पर्सी जॅक्सनचं नाव येतं. रिक रायर्डनचं ते पहिलं पुस्तक २००५ सालचं. ग्रीक देव घरात आले आणि मागोमाग तक्रारही आली, "आधी आपलं तर वाचा!"

पण मंडळी, मराठीत हा उद्योग बराच जुना आहे, आणि तो केला साक्षात साने गुरुजींनी (१८९९-१९५०). 'श्यामची आई' सगळ्यांना माहीत असते, 'गोड गोष्टी' ही त्यांची माला मात्र मागे पडली. त्यातलं 'दुःखी' म्हणजे ह्यूगोची 'ले मिझराब्ल' (१८६२) आणि 'मनूबाबा' म्हणजे जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' (१८६१). या दोन्हींत गुरुजींनी पात्रांना आपल्याकडची नावं दिली. सायलसचा मनूबाबा झाला, जाँ वालजाँचा वालजी. 'सोराब आणि रुस्तुम' या पुस्तकात मात्र इराणी नावं तशीच राहिली.

का बरं? मला वाटतं, ही नावं बदलायची गरजच नव्हती. आमच्या हिंगोलीकडचंच बघा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. आणि कुस्तीच्या शौकिनांना 'रुस्तुम-ए-हिंद' कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. शाहनामा न वाचताही रुस्तुम ओळखीचा होता.

ओळखीची नसते ती त्या कथेची अखेर. फिरदौसीने १०१० च्या सुमारास शाहनामा पुरा केला. त्यात रुस्तुम रणांगणावर नकळत आपल्याच मुलाला, सोराबला, मारतो. दंडावरची खूण बघून ओळख पटते. रुस्तुम राजाकडे औषध मागतो, राजा देत नाही. मुलगा जातो.

आता आपलं महाभारत आठवा. अश्वमेध पर्वात बभ्रुवाहन आपल्या बापाला, अर्जुनाला, युद्धात पाडतो. पण उलूपी नागमणी आणते आणि अर्जुन उठून बसतो. हे ऐकत वाढलेलं मूल सोराबच्या वेळीही मण्याची वाट बघणार. तो येत नाही. काही चुका दुरुस्त होत नाहीत, हे त्या वयात कळणं जड जातं, पण कळायला हवं. ते इथे इराणची गोष्ट शिकवते. आपली गोष्ट माहीत असल्यामुळेच तो धक्का नीट बसतो. म्हणजे "आधी आपलं" हे बरोबरच आहे, पण "फक्त आपलं" नव्हे.

आणि गोष्टी तशाही कुंपणात राहत नाहीत. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. उडुपीला कनकदासांसाठी कृष्णाची मूर्ती वळल्याची कथा आहे. आमच्या नरसीच्या याच नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यातही येतो. पंजाबातल्या लेकरांनी "हा तर मराठी माणूस" म्हणून ती बाजूला ठेवली असती तर?

असो. घरातल्या पोराच्या हातात ग्रीक देवांचं पुस्तक दिसलं तर काढून घेऊ नका. शेजारी बभ्रुवाहनाची गोष्ट ठेवा, म्हणजे झालं.